मशीनने छापलेली ओळ

सिग्नल हिरवा झाला तेव्हा मी होते, आणि गाडी चौकाच्या पलीकडे वाकडी होऊन थांबली तेव्हाही मी होते; मधल्या काही सेकंदांत मी नव्हते. झोप नव्हे, अंधारीही नव्हे. झोपेतून उठल्यावर मागे काहीतरी होतं एवढं तरी कळतं. इथे सिनेमाच्या रिळातला तुकडा कापून दोन टोकं चिकटवावीत तसं झालं. शेजारी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून शिकाऊ बाई बसली होती. पन्नाशीची, स्वतःचं शिवणाचं दुकान असलेली, बोटांना कायम खडूचा वास. तिने ब्रेक दाबला होता. माझ्या पायाखालीही ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या बाजूचा. एकोणीस वर्षं त्यावर पाय ठेवून मी लोकांना धीर देत आले की घाबरू नका, मी आहे. माझा पाय बाजूला घसरला होता आणि चप्पल निघाली होती. बंपरपासून हातभर अंतरावर एक म्हातारा पिशवी छातीशी धरून शिव्या देत होता, त्याही त्या बाईला, कारण गाडीवर लिहिलेलं असतं की चालवणारी नवशिकी आहे. ती बिचारी ऐकून घेत होती. मी म्हणाले, "अहो, चुकी माझी आहे," तर तो म्हणाला, "तुमची कशी असेल? तुम्ही तर नुसत्या बसलाय."

मी दादाला फोन लावला. मला काहीही झालं की दादाला फोन, हा आमच्या घरचा नियमच. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, आणि डॉक्टर. "सकाळी काही खाल्लं होतंस का?" त्याने विचारलं. खाल्लं होतं. "झोप?" झाली होती. "मग अर्धी गोळी घे ती, आणि पड. संध्याकाळी ये, बीपी बघतो. चिंगे, तू मनाला फार लावून घेतेस." शिवणवाली हे सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने गाडीची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "मी आता चालवणार नाही आणि तुम्हीही नाही. टॅक्सी करते. मोठ्या हॉस्पिटलात जाऊ." मी म्हणाले, माझा भाऊ डॉक्टर आहे. ती म्हणाली, "असू द्या की. सोनारानेच कान टोचावेत." तिच्या हट्टाचा मला रागच आला होता. तिची फक्त सातवी शिकवणी होती.

हॉस्पिटलात छातीला चिकट्या लावून ईसीजीची पट्टी काढली, आणि ती बघताच आतापर्यंत निवांत असलेली सगळी माणसं एकदम भराभर चालायला लागली. नाडी चौतीस. वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचतच नव्हता. कधी पोचायचा, कधी वाटेतच मरायचा. मला पलंगावर उताणं निजवून डोक्याशी मशीन लावलं. एक तरुण डॉक्टरीण आली, केस मागे घट्ट बांधलेले, नखं मुळापर्यंत कापलेली. तिने वय विचारलं. त्रेचाळीस. "त्रेचाळिसाव्या वर्षी असा ब्लॉक उगाच होत नाही," ती म्हणाली. "कशाने झाला ते शोधावं लागेल. आधी कधी काही?" मी सांगितलं, दोन वर्षांपासून धडधडतं, मधेच ठोका चुकतो, जिना चढताना दम लागतो. मग काय केलं? दादाला सांगितलं. दादाने काय केलं? त्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला, ठीक आहे म्हणाला, चाळिशीत बायकांना होतं असं म्हणाला, अर्धी गोळी दिली. त्याआधी? त्याआधी, सहा वर्षांपूर्वी, मला टीबी झाला होता. तिचं पेन थांबलं. "टीबीचं निदान कशावरून? थुंकी तपासली होती? गाठीचा तुकडा?" मी आठवायला लागले. खोकला होता, बारीक ताप होता. फोटो काढला, छातीत दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या. फोटो उजेडासमोर धरून दादा बराच वेळ उभा होता, आणि मी फोटोकडे न बघता त्याच्या पाठीकडे बघत होते. "कशावरून म्हणजे," मी म्हणाले, "दादाने सांगितलं." तिने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, आणि त्यामुळेच मला पहिल्यांदा भीती वाटली.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दादा वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला. नवीन स्टेथोस्कोप घेऊन सुट्टीत घरी आला की तो माझ्यावरच सराव करायचा. जीभ दाखव, दीर्घ श्वास घे, पाठ वळव. एकदा त्याने नळ्या माझ्या कानात घातल्या आणि चकती माझ्याच छातीवर ठेवली. "ऐक, ही तू." तोवर मला वाटायचं की आपण म्हणजे आपलं तोंड, आपले हात. त्या दिवसापासून मी म्हणजे आतला तो आवाज, आणि तो आवाज दादाच्या ताब्यातला. त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. आई खचली होती. माझी फी, माझ्या गोवराची रजा, माझा पहिला परवाना, सगळीकडे सही दादाची. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, घरातच डॉक्टर. मीही म्हणायचे. डॉक्टर घरात असला की दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं हा विश्वासघात होतो, हे कोणी म्हणत नव्हतं.

टीबीचे ते नऊ महिने मी दादाकडेच काढले. त्याने हट्टाने नेलं. सकाळी उपाशीपोटी मूठभर गोळ्या, लघवी नारिंगी, तोंडाला धातूची चव. वहिनीने माझा कप वेगळा केला. मिसळू नये म्हणून त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. ती वाईट नव्हती, घरात लहान मुलगी होती, भ्यायली होती. कप विसळताना ती हात लांब धरायची, एवढंच. त्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. तो लायब्ररीत काम करायचा, सावकाश बोलायचा, वाक्य अर्धं ठेवून हसायचा. सदतिसाव्या वर्षी मला कोणी असं हसून दाखवेल असं वाटलं नव्हतं. दादाने त्याला बोलावून, अगदी सभ्यपणे, समजावून सांगितलं: नऊ महिने थांबा, पूर्ण बरी होऊ दे. तो थांबला. तीन महिने थांबला, मग फोन कमी झाले, मग त्याच्या आईने निरोप पाठवला की घरचे तयार नाहीत. दादा म्हणाला, "बरं झालं, आधीच कळलं." मी पण म्हणाले, बरं झालं. पुढे खोकला गेला, गाठी लहान झाल्या. गोळ्या लागू पडल्या म्हणून दादाने पेढे वाटल्यासारखं तोंड केलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हॉस्पिटलात त्यांनी एकेक दार ठोठावून पाहिलं. आधी मोठ्या बोगद्यात घालून हृदयाची चित्रं काढली, आत ठोकाठोकी, घणाचे घाव. चित्रांत हृदयाच्या वरच्या भिंतीवर पांढरे डाग आले. मग दुसऱ्या स्कॅनसाठी आदल्या दिवशी साखर बंद, धान्य बंद, फळ बंद, नुसती अंडी, मांस आणि लोणी, आणि मग उपास. डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं: साखर मिळाली नाही की निरोगी हृदय चरबीवर भागवतं; मग शिरेतून दिलेली साखर ओढून घेतो तो फक्त सुजलेला भाग. पडद्यावर माझं हृदय अंधारात होतं आणि त्यात तीन ठिकाणी निखारे. छातीतल्या गाठीही पेटलेल्या, त्याच, सहा वर्षांपूर्वीच्या. घशातून नळी घालून गाठीचे तुकडे काढले. चार दिवसांनी ती खुर्ची ओढून पलंगाशी बसली. खुर्ची ओढणारे डॉक्टर चांगली बातमी आणत नाहीत. "सार्कॉइडोसिस," ती म्हणाली. "शरीराचे पहारेकरीच विनाकारण घोळके करून बसतात. फुप्फुसात बसले तर बरेचदा आपोआप उठून जातात. तुमचे हृदयातही बसलेत." मी विचारलं, "मग टीबी?" "तुकड्यात टीबीचं काही नाही. तेव्हाही हेच असण्याची शक्यता खूप आहे. दोन्ही फोटोत सारखेच दिसतात, चूक होते," ती म्हणाली. "तुकडा घेतला असता तर कळलं असतं." मी नऊ महिने मोजले. नारिंगी लघवी, लाल ठिपका, लायब्ररी. गोळ्या लागू पडल्या नव्हत्या. माझं ते आपोआप गेलं होतं आणि श्रेय गोळ्यांनी खाल्लं होतं.

दादा रोज यायचा. डॉक्टर म्हणून त्याला भेटीच्या वेळेची अट नव्हती. पायथ्याशी लटकवलेला तक्ता चाळायचा, नर्सला दोन प्रश्न विचारायचा, माझ्या कपाळावर हात ठेवायचा. सार्कॉइडोसिस ऐकून म्हणाला, "फार दुर्मिळ. पुस्तकात वाचलेलं. कोणाच्या बापाला सुचणार नाही." मी म्हणाले, "तिला पहिल्या दिवशी सुचलं." तो हसला. "त्यांच्याकडे मशिनं आहेत गं." डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी मागितला, दुखणं किती जुनं ते कळायला. "तो कागद आता नसेल," दादा म्हणाला. "पण नॉर्मल होता. मीच वाचला होता." हे बोलताना तो माझ्या सलाइनच्या थेंबांकडे बघत होता. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. लहानपणापासून त्याच्या पाठीकडेच बघायची सवय.

डाव्या खांद्याखाली कातडीत खिसा करून त्यांनी डबी बसवली. हृदय मंदावलं तर ढकलेल, भलतंच उधळलं तर झटका देऊन थांबवेल. मग स्टेरॉइड, आणि आठवड्यातून एकदा दुसरं एक औषध. स्टेरॉइडने दुसऱ्या महिन्यात तोंड चंद्रासारखं झालं, मानेवर मांस चढलं, साखर वाढली आणि भूक अशी की जेवून उठताना पुढच्या जेवणाची चिंता. शेजारीण म्हणाली, तब्येत सुधारली हो तुमची. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक घरी येऊन गेला, फळं घेऊन. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं की पोटासाठी गाडी चालवणं, शिकवणं, कायमचं बंद. "तुम्ही वर्गात शिकवा ना," मालक म्हणाला, "खुणा, नियम. तुमच्यासारखं समजावून कोणी सांगत नाही." तर आता मी फळ्यासमोर उभी राहून छडीने त्रिकोण आणि वर्तुळं दाखवते, आणि मुलं खाली फोन बघतात. खिडकीतून माझी गाडी निघताना दिसते. माझ्या जागी एक नवीन बाई बसते, गॉगल घालून. आता त्या ब्रेकवर तिचा पाय असतो.

डबीने एकदा झटका दिला. पाचव्या महिन्यात, फळा पुसताना. कोणीतरी आतून छातीवर लाथ मारली आणि मी डस्टरसकट खाली. वर्गात एकच किंकाळी. तपासल्यावर कळलं, हृदय खरंच उधळलं होतं. डबी नसती तर मी तिथेच संपले असते, "एकेरी वाहतूक" या शब्दांखाली. तीन दिवस मी हात वर करायला घाबरत होते. चौथ्या दिवशी दादा म्हणाला, "बघ, वाचलीस. आता सकारात्मक राहा." माझ्या तोंडात आलेला शब्द मी गिळला. मूग गिळून बसायची आम्हा घरच्यांना सवयच. फक्त माझ्या पोटात आता जागा उरली नव्हती. सहाव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये तीनपैकी दोन निखारे विझले होते, तिसरा मंद. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "औषध लागू पडतंय." हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, म्हणून म्हणाले, "मला चित्र दाखवा." तिने न चिडता दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि बोटाने दाखवत गेली. मी सगळं विचारलं. अर्धा तास गेला. जिथे डाग पडलेत तिथे काय? "ते वण. औषधाने जायचे नाहीत. निरोपाची तार तिथेच तुटली." दोन वर्षं आधी कळलं असतं तर? तिने पडदा बंद केला. "कदाचित कमी असते. नक्की कोणीच सांगू शकत नाही." ती खरं बोलत होती, आणि मला खोटं हवं होतं, कोणतंही, पण पक्कं.

स्कॅन सुधारला म्हणून दादाने घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. काका, मामी, दोन चुलत भाऊ, दादाची मुलगी. मी माझं गोल तोंड घेऊन खुर्चीत बसले होते आणि मला वाढलेलं भराभर संपवत होते. मामीने विचारलं, "पण हे कळलं कसं गं बाई? इतकं अवघड दुखणं!" मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "मला शंका होतीच. टीबीच्या वेळेपासून मला ती छाती सरळ वाटत नव्हती. मीच म्हटलं, हृदयाचं पूर्ण बघून घ्या." काका म्हणाले, "घरात डॉक्टर असला की असं असतं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कौतुकाने, जणू दादाने मला नुकतंच पाण्यातून काढलंय. दादाने माझी नजर टाळली नाही. तेच भयंकर होतं. त्याने माझ्याकडे सरळ, प्रेमाने पाहिलं; त्याला ते खरंच वाटत होतं. फक्त वहिनीच्या हातातला वाढायचा डाव भांड्यावर अडकल्यासारखा थांबला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या खोलीवर आली. ती एकटी कधी येत नाही. चहाला नको म्हणाली, मग हो म्हणाली. कप रिकामा होईपर्यंत नवीन पडद्यांबद्दल बोलली आणि मग पर्समधून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

"तू हॉस्पिटलात गेलीस त्याच रात्री ह्यांनी दवाखान्यातून आणला. फाडायलाच आणला होता, मला माहितेय. नुसता हातात धरून बसले. मग कपाटात कपड्यांखाली ठेवला."

"वहिनी, तुम्ही वाचलात?"

"मला काय कळतंय त्यातलं. पण वर छापलंय ते वाचता येतं की."

गुलाबी चौकटींचा कागद, माझं नाव, दोन वर्षांपूर्वीची तारीख. ओळीने डोंगर आणि दऱ्या, माझ्याच. वर मशीनने आपणहून छापलेली ओळ: असामान्य ईसीजी, राइट बंडल ब्रँच ब्लॉक, तज्ज्ञांना दाखवावे. आणि तिच्या खाली निळ्या शाईत दादाचं ते वळणदार, गोड अक्षर, ज्यात त्याने माझ्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या होत्या: ठीक. काळजीचा स्वभाव.

"त्यांना सांगू नकोस मी दिला म्हणून," वहिनी म्हणाली. मग दारापर्यंत जाऊन परत वळली. "नाहीतर सांग. काल जेवताना ते जे बोलले ना... मला घास उतरला नाही. तेव्हा तुझा कप मी वेगळा ठेवला होता, आठवतंय?"

"आठवतंय."

"हं," ती म्हणाली, आणि चप्पल घालून जिना उतरली.

मी चार दिवस तो कागद उशाला ठेवला. त्याच्याशी भांडले, रस्त्याने जाताना, फळ्यासमोर, अंघोळ करताना. इतकी सुंदर वाक्यं जुळवली होती की ती ऐकायला दादाशिवाय कोणी नाही याचंच वाईट वाटत होतं. लायब्ररीवाल्याचंही त्यात होतं. पाचव्या दिवशी वर्ग संपल्यावर मी दवाखान्यात गेले आणि नेहमीसारखी मागच्या दाराने न जाता पुढे बाकावर, नंबर लावून बसले. आत गेले तेव्हा तो हात धूत होता. "अगं, बाहेर काय बसलीस?" मी कागद टेबलावर ठेवला. जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली. एवढंच म्हणाले, "हे तू वाचलं होतंस?"

तो बराच वेळ हात पुसत राहिला. "मशीन काहीही छापतं, चिंगे. दहातल्या चार कागदांवर असामान्य लिहून येतं."

"मग कपड्यांखाली कशाला ठेवलास?"

तो बसला. चोपन्न वर्षांचा माणूस, कानावरचे केस पांढरे. खुर्ची पुढे ओढायला विसरला, म्हणून टेबलापासून लांब, शाळेत शिक्षा म्हणून वेगळं बसवल्यासारखा दिसत होता. "वाचलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या टीबीच्या वेळी मी दोन महिने धड झोपलो नाही. ते संपलं होतं. तू हसत होतीस, गाडी चालवत होतीस. पुन्हा तुझ्या आत काही आहे हे मला... बघायचं नव्हतं. दुसऱ्या कोणाचा कागद असता तर मी त्याच दिवशी पाठवला असता."

मी वाट पाहिली. माझं चुकलं, हे दोन शब्द यायला हवे होते. मी त्यांच्यासाठी जागा करून ठेवली होती. त्याऐवजी तो म्हणाला, "हे तू तुझ्या डॉक्टरांना दाखवणार?"

"आज सकाळीच दाखवलं. मूळ कागद त्यांच्या फायलीत आहे. ही कॉपी तुझ्यासाठी."

त्याने मान हलवली, आणि मग, इतक्या वर्षांच्या सवयीने, टेबलावरून हात पुढे करून माझं मनगट धरायला गेला. मी हात मागे घेतला. तो तसाच, हवेत धरलेल्या तीन बोटांकडे बघत राहिला. मला वाटलं होतं की या क्षणी मला बरं वाटेल. काही वाटलं नाही. एक म्हातारा होत चाललेला माणूस समोर होता ज्याने मला वाढवलं होतं, ज्याने प्रेमाने माझी वाट लावली होती, आणि यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नव्हतं. मी उठले. "जेवायला ये रविवारी," तो म्हणाला. मी पर्स उचलली.

बाहेर बाकावर एक नवीन बाई बसली होती, तिशीतली, एक हात छातीशी, दम लागल्यासारखी. मी बाहेर येताच ती सरकली. "मी पहिल्यांदाच आलेय. डॉक्टर चांगले आहेत ना?"

भिंतीवर दादाची पदवी, चौकटीत. काचेत माझं गोल तोंड.

"माणूस चांगला आहे," मी म्हणाले. "पण ईसीजी काढला, तर कागद मागून घ्या. वर मशीनने छापलेलं असतं, ते स्वतः वाचा. आणि काही असामान्य लिहिलेलं दिसलं, तर इथे थांबू नका, मोठ्या हॉस्पिटलात जा."

तिने माझ्याकडे पाहिलं, थोडं घाबरून, थोडं संशयाने. आतून दादाचा आवाज आला, नेहमीसारखाच, मायाळू. "पुढचं कोण?"

ती उठली, आणि दारात क्षणभर थांबून पुन्हा माझ्याकडे वळली. "काय म्हणालात, वर छापलेलं?"

"वरच," मी म्हणाले. "पहिलीच ओळ."